सख्ख्या भावाविरुद्धचा जबाब

कागदोपत्री ते प्रकरण लहानच होतं. खून नाही, दरोडा नाही. तरी नोकरीतलं काही आठवायला बसलो की ती बाई आधी डोळ्यांसमोर येते.

साठच्या दशकात मी दुबईत पोलीस खात्यात फौजदार होतो. खाडीच्या पलीकडे देरा भागात आमचं ठाणं होतं. रत्नागिरी-रायगडकडचे पुष्कळ मुसलमान तिथे कामधंद्याला येत. मीही त्याच किनाऱ्यावरचा, म्हणून कोकणी माणसाची तक्रार आली की ती माझ्याकडे यायची.

घरांची तेव्हा फार टंचाई होती. त्यातून एक पद्धत पडली होती. भाडेकरूने सुरुवातीलाच मोठी अनामत द्यायची आणि मग महिन्याचं भाडं भरायचं नाही. घर सोडताना अनामत जशीच्या तशी परत. ऐकायला सोपं वाटे. पण तेवढी रक्कम उभी करायला लोक गावची जमीन विकत, बायकोचे दागिने मोडत.

एके दिवशी सकाळी गल्लीतल्या भटारखान्याचा मालक ठाण्यावर आला. त्याच्या दुकानासमोरच्या घरातल्या तीन कोकणी कुटुंबांचं सामान रस्त्यावर आलं होतं, आणि प्रकरण हातघाईवर येईल अशी त्याला भीती होती. मी हवालदाराला घेऊन गेलो. दाराबाहेर शिलाई मशीन, भांडी आणि गाद्या पडल्या होत्या. एक बाई लहान मुलीला घेऊन पेटीवर बसली होती. घराचा मालक म्हातारा अरब होता, आवाज न चढवता बोलणारा. घर त्याने एका दलालाला महिन्याच्या भाड्याने दिलं होतं आणि दलालाने ते या तिघांना अनामतीवर. वर्षभर भाडं आलं नव्हतं आणि अनामत म्हणून मालकाच्या हाती काहीच पडलं नव्हतं. कायद्याने तो चुकत नव्हता.

तीनपैकी दोन कुटुंबांनी फिर्याद दिली. पावती कोणाकडेच नव्हती. मी कारण विचारलं, तर ते म्हणाले की पैसे तिसऱ्या भाडेकरूच्या, म्हणजे शिंप्याच्या खोलीत, त्याच्या समोर दिले होते. दलाल त्याचा मेहुणा. घरचाच माणूस मध्ये असताना पावती कशी मागायची?

म्हणजे साक्षीदार एकच, तो शिंपी. त्याला समोर बसवलं. स्वतःची अनामत बुडाली असूनही तो म्हणाला की कोणी कोणाला पैसे दिले ते त्याला ठाऊक नाही. मी सारखं विचारत राहिलो आणि तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. सराईत खोटं बोलणारा डोळ्याला डोळा भिडवतो. हा सराईत नव्हता. दलालाला आणलं, तो मात्र शांत होता. अनामत कसली, पुरावा दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. पुराव्याशिवाय त्याला अडकवून ठेवता येईना. संध्याकाळी सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पेटीवर बसलेली बाई मुलीला कडेवर घेऊन ठाण्यात आली. ती शिंप्याची बायको, म्हणजे दलालाची बहीण. नवऱ्याला न सांगता आली होती. मी तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"साहेब, पैसे माझ्यासमोर दिले," ती म्हणाली. "माझ्या बांगड्यांचे आणि त्या दोघांचेही. तो माझा सख्खा भाऊ आहे. लिहून घ्या."

याचा परिणाम काय होईल ते मी तिला समजावलं. भाऊ तुरुंगात जाईल, माहेर तुटेल.

"शेजारणीला मीच बोलले होते, माझा भाऊ आहे, डोळे मिटून दे," ती म्हणाली. "काल तिने मला एक शब्द ऐकवला नाही. नुसती बघत राहिली. ते सोसवत नाही."

जबाब लिहून झाला. तिने अंगठा उमटवला.

दलालाला पुन्हा आणून मी तो जबाब वाचून दाखवला. आधी तो ऐकत होता. बहिणीचं नाव आल्यावर त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. मग सगळं सांगितलं. अनामतीचे पैसे त्याने एका लाँचच्या मालात घातले होते. दुप्पट करून परत देणार होता, इन्शाल्ला. लाँच वादळात बुडाली. "खलास, साहेब," एवढंच तो म्हणाला.

गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली. पैसे कोणालाच मिळाले नाहीत. ती दोन कुटुंबं खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहायला गेली. शिंप्याने बायको-मुलीला बोटीने गावी पाठवलं आणि स्वतः आपल्या शिलाईच्या दुकानातच झोपू लागला. जाण्याआधी ती रोज भावासाठी डबा घेऊन कोठडीपाशी यायची. डबा भरलेलाच परत जायचा. तरी ती आणत राहिली.

पुढे रजेवर गेलो असताना मी मुद्दाम तिच्या गावी गेलो. आईने तिला घरात घेतलं नव्हतं. मुलाला कैद करवणारी मुलगी तिला नको होती. ती एका खोलीत भाड्याने राहत होती. नवरा पैसे पाठवत होता, पत्र मात्र पाठवत नव्हता. तिने मला चहा दिला. निघताना तिने विचारलं, "तो सुटला का?"

"सुटला. मुंबईला उतरलाय," मी म्हणालो.

"आईकडे जाईल मग," ती म्हणाली आणि कप विसळायला घेतला.

त्यानंतर घरासाठी मोठी अनामत देणारा कोणीही माझ्याकडे आला, की मी त्याला आधी खऱ्या मालकाकडे जायला सांगायचो आणि पावती घ्यायला लावायचो, दलाल सख्खा भाऊ असला तरी. लोकांना ते कोरडेपणाचं वाटे. मला तिची ती गावची भाड्याची खोली आठवायची. गुन्हेगार मी शोधला असं वरिष्ठ म्हणाले, शाबासकीही मिळाली. खरं तर तो तिने दिला होता, आणि त्याची सगळ्यांत मोठी किंमत तिलाच मोजावी लागली असं मला आजही वाटतं. कायद्याकडे तिला परत द्यायला काही नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.