मिक्सरच्या आज्ञेचे पान

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कामाच्या जागी ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर कागदही आपोआप तयार होत. म्हणून प्रत्येक किस्सा कोणत्या पानापाशी घडला, हे मला अजून सांगता येते.

सुदुंबऱ्याजवळच्या त्या रंगाच्या कारखान्यात यंत्रे संगणकावर आज्ञा टंकून चालवली जात. आज्ञा लिहीत वलवणचे सलीमभाई. त्यांची माहितीपुस्तिका माझ्याकडे. सलीमभाईंनी एक प्रोग्रॅम केला. कोडमध्ये प्रत्येक आज्ञेवर असलेली टीप वाचून तो तिचे पान तयार करी. टीप नसेल तिथे स्वतःच छापी : ‘येथे वर्णन भरावे.’

पहिल्याच दिवशी शंभरावर पाने निघाली. बहुतेकांवर तेवढेच वाक्य होते. तपासनीसांनी गठ्ठ्याची जाडी बोटांनी मापली आणि शेरा दिला : ‘समाधानकारक.’ व्यवस्थापकांनी पेढे वाटले. सलीमभाईंनी पेढा हातातच ठेवला आणि टिपा लिहायला आठवडा मागितला. तो मिळाला नाही.

*

पुढे सलीमभाई बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेले. त्याच आठवड्यात टाकीभर रंग निळा निघाला. मागणी तांबड्याची होती. आज्ञा टंकायच्या पॅनेलवरच्या माणसाने पानावरचे उदाहरण जसेच्या तसे टंकले होते. मी रागावलो, तेव्हा त्याने शांतपणे पान पुढे केले. “पुस्तकात निळाच लिहिलाय, साहेब.”

*

ज्ञानोबाभाऊ दर शनिवारी रंग घुसळणाऱ्या मिक्सरच्या टाकीत उतरून ती आतून धूत. पॅनेलशेजारी टांगलेल्या पानावर त्यांनी एकदा पेनाने लिहिले : ‘आत मानूस हाय का बगा, हाक मारा, मगच सुरू करा.’

छापील पानावर का लिहिले, असे मी विचारले.

“तुमचं यंत्रच म्हनतंय, हितं भरा. म्हून भरलं.”

सलीमभाईंनी ते दोनदा वाचले. सगळ्या पुस्तिकेत खरे पान हे एकच, असे ते म्हणाले. वाक्य आजच कोडमध्ये घालू, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना तपासनीसांच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायला सांगितले.

*

जुनी पाने ठेवायची नाहीत, हा नियम माझा. दोन प्रती असल्या की गोंधळ होतो. एका शुक्रवारी रंगांची यादी बदलली, प्रोग्रॅम चालला, नवी पाने निघाली. जुनी मी स्वतःच्या हाताने काढून फाडली. मिक्सरच्या नव्या पानावर स्वच्छ छापले होते : ‘येथे वर्णन भरावे.’

दुसऱ्या दिवशी शनिवार. पॅनेलवर नवा माणूस होता. त्याने पान वाचले आणि आज्ञा टंकली. ज्ञानोबाभाऊ आत होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

त्याच संध्याकाळी सलीमभाईंनी ते वाक्य कोडमध्ये घातले. मिनिटभरात नवे पान तयार झाले. पानावर तारीख छापण्याची सोय आम्ही केली नव्हती.

*

चौकशी समितीसमोर प्रश्न एकच होता : दोष कारखान्याचा की कामगारांचा? कारखान्याचा ठरला, तरच भाऊंना बसून करायचे काम मिळणार होते. सलीमभाईंना कुणी बोलावले नाही. मला बोलावले. रोजच्याप्रमाणे त्या दिवशीही मी पूजा करूनच घरून निघालो होतो.

अध्यक्षांनी संगणकावर मिक्सरचे पान उघडले आणि मोठ्याने वाचले : आत माणूस आहे का पाहावे, हाक मारावी, मगच सुरू करावे.

“सूचना तर स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “तुमची पुस्तिका अद्ययावत असते ना?”

व्यवस्थापक माझ्याकडे पाहत होते.

“हो,” मी म्हणालो. “नेहमी.”

अध्यक्षांनी ते लिहून घेतले.

बाहेर बाकावर ज्ञानोबाभाऊ कुबड्या टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले.

“तुमी आत होता, सायेब. म्हून मला घोर न्हवता.”