कच्च्या पेजेचा टोप

सखाराम तापानं गेला असा त्याच्या बायकोचा निरोप आला, तेव्हा मी पेज जेवत होतो. ज्या दिवशी तो माझ्यापायी अधू झाला, त्या दिवशीही मी पेजेपाशीच होतो. मला अक्षर येत नाही. मी सांगतोय, शाळेतले मास्तर उतरवून घेतायत आणि मधे मधे हसतायत.

आम्ही दोघे रत्नागिरीच्या खाडीकाठचे. जर्मनची लढाई संपल्यावर काही वर्षांनी सखाराम काश्मिराकडे एका साहेबाच्या मोजणीच्या तुकडीत तंबू उभारायला लागला. त्यानं मला स्वयंपाकी म्हणून नेलान. मला स्वयंपाक येतो असं त्याला सांगणारा मीच. चैत्राचे दिवस. इकडे आंबा उतरवायची घाई, तिकडे डोंगरावर कमरेएवढं बर्फ. रात्री आभाळ निवळ असलं की ते दगडासारखं गोठायचं, आणि ऊन चढलं की वरचा थर सुटून खाली यायचा. सखाराम मला समजवायचा, खाडीसारखंच आहे रे, ओहोटी आहे तोवर उतरून जायचं, ऊन लागलं की भरती. खाडी उतरताना आपण चिखलाला टाच लावून बघतो, तशी तो बर्फाला लावायचा. टाच रुतली की त्या दिवशी मुक्काम.

त्या सकाळी रुतली नाही. सगळे उताराखालनं पार झाले. मी मागे, कारण पोटात पेज गेल्याशिवाय घर सोडायचं नाही ही आमच्या आईची शिस्त, आणि त्या उंचीवर तांदूळ काही शिजेना. मी लाकडं घालतोय, तांदूळ माझ्याकडे बघतायत... ऊन आलं. पलीकडनं सखाराम ओरडला, "बाबल्या, टाक तो टोप!" मी टोप घेऊनच निघालो. मधोमध आलो नि वरनं गडगडलं. पुढचं मला दिसलं नाही. मी खाली होतो.

त्यानं मला हातांनी उकरून काढलान. त्याचा एक बूट बर्फात अडकून गेला, तरी थांबला नाही. मी वर आलो तो टोप कवटाळून. तळाशी तांदूळ, कच्चेच. त्याच्या डाव्या पायाची बोटं मात्र काळी पडली, कापावी लागली. होडीवर तोल राहीना, म्हणून उरलेला जन्म त्यानं जाळी विणण्यात घालवलान. गावात सांगायचा, बोटं माझ्याच चुकीनं गेली. मी शेजारी बसून मान हलवायचो.

तेराव्याला मी वैनीला खरं सांगून टाकलं. ती ताटं उचलत होती, थांबली नाही. म्हणाली, "ठाऊक आहे, भावजी. नाहीतर हे रोज सकाळी तुमच्या दारात कशाला येत होते?"

यायचा खरा. ऊन अंगणात यायच्या आत पायरीशी अधू पायाची टाच दाबून उभा राहायचा नि विचारायचा, "शिजली का?" तिथं खळगा पडलाय. बायको सारवायला बसली की मी तो बुजवू देत नाही. परवा ऊन पायरीवर आलं तरी हाक आली नाही. सवयीनं टोप हातात घेऊन बाहेर बघायला गेलो, त्या खळग्यातच पाय गेला आणि आडवा झालो. पेज सगळी अंगणभर.

शिजली होती.