पहिल्याएवढी गोळी

अफूचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. चिकट, कडवट, कुजलेल्या पेंढ्यासारखा. लढाईच्या वर्षांत कर्जतजवळच्या आमच्या घरी रोज सकाळी सासऱ्यांसाठी अफूची गोळी वळायचं काम माझं होतं. मग त्याच हातानं भाकरी थापायची मला किळस यायची.

सासरे माथेरानला हातरिक्षा ओढायचे. एका उतारावर पाय घसरला आणि कंबर कायमची गेली. डॉक्टरांनी अफूची चिठ्ठी लिहून दिली. सुरुवातीला गोळी मुगाएवढी होती. मुगानं भागेना म्हणून तुरीएवढी झाली, आणि पाचसहा वर्षांत वालाएवढी. ओसरीवर बसून ते पेंगायचे, अंग खाजवायचे, पण चार माणसांत बसायचे तरी. मला त्यांचा राग कधी आला नाही.

राग यायचा तो थोरल्या दिरांचा. नणंदेचं लग्न चौक गावात ठरलं आणि भाऊजींना एकाएकी बापाची लाज वाटायला लागली. व्याही येऊन बसणार आणि समोर हा अफूबाज डुलक्या घेणार, म्हणजे नाकच कापलं जायचं. त्यांनी अफूची डबी उचलून आपल्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. लग्न होईपर्यंत बंद.

पहिले आठ दिवस सासऱ्यांचं नाक वाहत होतं, पोट वाहत होतं, अंथरुणातच सगळं व्हायचं. धुवायला मी. भाऊजी नाकाला उपरणं लावून दारातूनच चौकशी करायचे. पुढे ते सगळं ओसरलं. महिन्याभरानं सासरे ताठ बसून व्याह्यांशी बोलले, तेव्हा बापाला माणसांत आणलं म्हणून लोकांनी भाऊजींची पाठ थोपटली. कंबर किती दुखते हे एकानंही विचारलं नाही.

लग्न लागलं, नणंद सासरी गेली. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर सासरे कंबर धरून लहान मुलासारखे रडायला लागले. भाऊजी खुशीत होते. त्यांनी पेटी उघडली, डबी माझ्यापुढे ठेवली.

"एवढे दिस सोसलंय बाबानं," ते म्हणाले. "दे आता पयल्याएवढी."

वालाचं माप माझ्या बोटांना पाठ होतं. मी गोळी वळली. सासऱ्यांनी ती पाण्याबरोबर गिळली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

थोड्या वेळानं ते घोरायला लागले. मोठी घरघर, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. राहिलेले पाहुणे हसले. महिन्याची झोप काढतोय म्हातारा, कुणी उठवायचं नाही, असं भाऊजींनी बजावलं. मलाही बरंच वाटलं. उन्हं कलल्यावर मी चहा घेऊन गेले, तेव्हा घोरणं थांबलेलं होतं आणि ओठ जांभळे पडले होते.

पोरीला उजवून झोपेत गेला, भाग्याचा म्हातारा, असं गावभर झालं. ते कुणी बोललं की मी तिथून उठून जायची, पण का ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं.

कळलं तेराव्याला. पंगतीत भाऊजींच्या शेजारी बसलेल्या चुलत सासऱ्यांनी विचारलं, अफू एकदम बंद केली त्यानं तर गेला नाही ना. भाऊजी भात कालवत होते.

"त्यानं नाय ओ," ते म्हणाले. "कंपाउंडर सांगत होता मला, म्हैनाभर सुटली का परत मुगापासनं धरायची, जुनी आता सोसायची नाय. लग्नाच्या गडबडीत ध्यानातच नाय ऱ्हायलं."

चुलत सासऱ्यांनी मान हलवली आणि वरण ओरपलं. भाऊजींनी पत्रावळीत जागा करून माझ्याकडे पाहिलं.

"वाढ गं," ते म्हणाले.

मी भात वाढला. वर वरण घातलं, तूपही घातलं. गोळी वळली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भात वाढला तेव्हा ठाऊक होतं. किळस मला त्या भाताचीच येते.