दारापर्यंतची फरशी

खंडाळ्याच्या बंगल्यांत कामानिमित्त जाऊन, तिथल्या चकचकीत फरश्या बघून बघून माझं डोकं फिरलं आणि लोणावळ्यातल्या माझ्या तीन खोल्यांत मी घासून गुळगुळीत केलेली शहाबादी फरशी बसवली. आलेल्या पाहुण्याला मी आधी खाली बघायला लावी. "दिसलात का?" त्याला फरशीत स्वतःची मिशी दिसली की मगच चहा.

आई टाकवे खेड्यातली. जन्मभर शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटं रोवून चाललेली. पावसाळ्यात फरशीला घाम सुटला आणि तिसऱ्याच दिवशी आई घसरली. मनगट सुजलं, धीर सुटला. तेव्हापासून ती बाजेवर. परसात जायचं तरी हाक मारायची आणि सुनेचा हात येईपर्यंत ताटकळायचं. मी गोणपाट अंथरलं. तेही तिच्यासकट घसरलं.

"कोंडवाड्यातल्या गुराचं बरं," ती म्हणे. "त्याला निदान दार लावल्यालं असतं. हितं दार सताड उघडं, आन मला जाता येत न्हाई."

"सवय होईल, आई."

"कुणाला? फरशीला?"

समोरच्या ओट्यावर तिच्या सोबतिणी जमत. ती बाजेवरून ओरडून गप्पा मारी. त्यांना निम्मं ऐकूच जात नसे. त्या नुसत्या माना हलवत.

एके दुपारी घरी येतो तर आतून ठकठक. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-जात्यांना टाकी लावून पुन्हा खरबरीत करत दारोदार फिरणारी बाई माझ्या फरशीवर उकिडवी! छिन्नीने माझ्या आरशाला देवीचे व्रण पाडत चाललेली. बाजेपासून खरबरीत पट्टा निघाला होता, आणि त्यावर, कुणाचाही हात न धरता, आई उभी.

"आई!" मी नाटकातल्या राजासारखा गरजलो.

बाईने छिन्नी पदराखाली लपवली. "भाऊ, मावशीच म्हनल्या, घरात येक मोठा पाटा हाय."

उंबऱ्यापर्यंत दोन फरश्या उरल्या होत्या. सगळ्यांत चकचकीत, पाहुण्यांना दाखवायच्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे बाज, पुढे आरसा. तिचा पाय उचलेना. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"बोल की, लेका," आई म्हणाली. "फिरू का मागं?"

मी वाकलो. त्या दोन फरश्यांत शेवटचं एकदा तोंड पाहून घेतलं, मिशी सारखी केली.

"बाई," म्हटलं, "अर्धा पाटा सोडून जातेस होय? लाव टाकी."