अप्पांनी कारबुरेटर बदलला

अप्पांच्या गाडीचा विषय निघाला की मांजरसुंब्यातल्या आमच्या गल्लीत किस्सा कधी एकटा येत नाही. एकाचा हात धरून दुसरा येतो. पण कारबुरेटरचे किस्से म्हणजे कहरच!

अप्पांची लेक सीमा सिरसाळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. "लेकीला माझ्याच गाडीत आणणार," असं अप्पांनी व्याह्यांना फोनवर सांगून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी बंद!

मिस्त्री म्हणाला, "कारबुरेटर गेलाय. इतक्या जुन्या गाडीला आता कोण हात लावतंय? भंगारात द्या."

अप्पा भंगारवाल्याकडं गेले खरे, पण तिथून तसलाच दुसरा कारबुरेटर घेऊन आले! "मीच बसवतो. मोबाईलवर समदं दाखवतेत." पाना धरायला शेजारी म्हणून मी.

* * *

कुठली नळी कुठं, हे नंतर कळावं म्हणून अप्पांनी आधी भराभर फोटो काढले. मग जुना कारबुरेटर खोलून बाजूला ठेवला, नवा हातात घेतला, फोटो उघडले. प्रत्येक फोटोत अप्पांचा अंगठा!

अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "बी.ए. झाले, तरी बी अंगठाच उठवला!"

* * *

भंगारातल्या मालात कचरा फार. अप्पांनी कारबुरेटर पेट्रोलनं धुतला आणि ते पेट्रोल गाळलं चहाच्या गाळणीतून. काकूंना न विचारता!

दुपारी चहा झाला. काकूंनी कप नाकाजवळ नेला आणि तसाच अप्पांपुढं सरकवला.

"तुमीच प्या. गाडी न्हाई चालली तर पळत जाताल सिरसाळ्याला!"

* * *

अखेर बसला एकदाचा. मी किल्ली फिरवली, गाडी चालू! पण अप्पांनी ॲक्सिलरेटरची तार इतकी ताणलेली, की इंजिन बोंबलायलाच लागलं. गल्लीतली कुत्री पळाली. अप्पा मला ओरडून काहीतरी सांगत होते, पण ऐकू येईना. मी किल्ली बंद केली आणि नेमकी तेव्हाच अप्पांची आरोळी अख्ख्या गल्लीत घुमली,

"तुज्या काकूला सांगू नको, मला ह्यातलं काय बी कळंना!"

काकू दारात. "नवं काय आसंल तर सांगा!"

* * *

तार सैल केल्यावर गाडी नीट पळाली. मी आणि अप्पा सिरसाळ्याला पोचलो. व्याह्यांनी गाडीकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आमची जीप न्या की." सीमा सरळ अप्पांच्या गाडीत जाऊन बसली.

परतीला इंजिन ठसकायला लागलं. अप्पांच्या कपाळावर घाम. आरशातून लेकीकडं बघायची हिंमत होईना.

मागून सीमा म्हणाली, "अप्पा, जरा थांबवा ना. पाय मोकळे करते."

अप्पांनी लगेच गाडी बाजूला घेतली. "थांबलोच हाय तर बघतो जरा," म्हणत बॉनेट उघडलं, नळी फुंकली. गाडी निघाली. पुढं इंजिन ठसकलं की सीमाचे पाय अवघडायचे!

घरी काकूंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि विचारलं, "कितींदा बंद पडली?"

"एकदा बी न्हाई!" अप्पा म्हणाले. "ईचार पोरीला."

"खरंच आई. माझेच पाय अवघडत होते, म्हणून थांबलो."

काकूंनी अप्पांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं.

"बरं बाई, तेल आणते. पायाला लावू का गाडीला?"