पोहोचू दे त्याले

मनोहर गेला ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती त्याच्या मुलाला, नितीनला, आणि आमच्या वैशाली नगरातल्या गल्लीत मोबाइल फोन असणारा तो एकटाच होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कळलं, कुरुदहून दूध घालायला येणाऱ्याला कळलं, नागपूरला मनोहरच्या बहिणीलाही एसटीडीवरून कळवून झालं. नितीन मात्र तेव्हा रायपूरहून घरी येत होता, रस्त्यावर होता, आणि फोन त्याच्या गाडीत समोरच अडकवलेला होता. तो वाजलाच नाही. आता महिना उलटून गेला. तेरवी झाली, पाहुणे गेले, सांत्वनाला येणाऱ्यांचे तेच ते शब्द ऐकून कान थकले. मनोहरबद्दल लिहावं असं मनात फार नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती सांगायची तर मनोहर कसा होता ते आधी सांगावं लागेल.

तो वर्ध्याकडचा, मी भंडाऱ्याचा. सत्तरच्या दशकात दोघंही इकडं दुर्गजवळच्या कारखान्यात कारकून म्हणून लागलो, तो स्टोअर्समध्ये आणि मी अकाउंट्समध्ये. घरंही आमनेसामने. स्कूटर त्याची एकट्याची. माझी सायकल अंगणात गंजून गेली आणि मी त्याच्या मागच्या सीटवर बसायला लागलो तो थेट रिटायर होईपर्यंत. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी मी मागून त्याला आमच्या सेक्शनची सीनियॉरिटी लिस्ट कशी वरखाली झाली, कोणी कोणाला मागे टाकलं, हे तावातावानं सांगत होतो. तोही मान वळवून वळवून उत्तरं देत होता. कारखान्याच्या गेटवर पोहोचलो, त्यानं स्कूटर स्टँडवर लावली आणि तिथंच उभा राहिला. म्हणाला, “यशवंता, फाटक उघडं होतं का बे?” आमच्या रस्त्यात रेल्वेचं फाटक लागायचं. मी आठवून पाहिलं. मलाही सांगता येईना. “म्हंजे आपण लाइन पार करून आलो अन् दोघायलेही मालूम नाही,” तो म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही. झालं काहीच नव्हतं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पांढरा पडला होता हे मला आजही दिसतं.

त्या दिवसापासून स्कूटर चालू असताना मनोहर मुका. मी काही बोललो तर हूं नाही की चूं नाही. पहिले काही आठवडे मला राग यायचा, मी भिंतीशी बोलतोय की काय असं वाटायचं. मग फाटक बंद मिळालं की तो इंजिन बंद करायचा, पाय टेकायचा आणि म्हणायचा, “हां, बोल आता.” मालगाडी लांबलचक असली की बाकीचे लोक शिव्या घालायचे, आम्ही खूश. माझ्या पोरीचं लग्न जमलं ते मी त्याला फाटकावर सांगितलं. त्याच्या आईचा आजार, माझ्या भावाशी झालेलं भांडण, घर बांधावं की नाही... सगळं तिथंच. अर्धवट राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुरं व्हायचं. त्याची बायको, सुमनवहिनी, चिडवायच्या, “माह्याशी बोलाचं असन तर यायले आंगणात फाटक बसवून देजा भाऊजी.” मनोहर हसायचा, पण नियम मोडायचा नाही. हेकट होता. खरं सांगायचं तर वैताग आणण्याइतका हेकट होता.

नितीन एका रंगाच्या कंपनीत विक्रीच्या कामावर लागला. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, सगळा दिवस रस्त्यावर. कंपनीनं गाडी दिली, मोबाइल दिला आणि गाडीत फोन अडकवायची खाच आणि एक छोटा स्पीकरही बसवून दिला. बटण दाबलं की बोलणाऱ्याचा आवाज गाडीभर. पोरगं भारी खूश. आम्हा दोघांना हौसेनं दुर्गला फिरवायला नेलं. वाटेत दोन डीलरांचे फोन आले, नितीन हसत खेळत, हिंदीत, एकाला दटावत, एकाला समजावत बोलला. गाडी व्यवस्थित चालवली, मला तर काही खटकलं नाही. दुर्गला पोहोचल्यावर मनोहर उतरला आणि म्हणाला, “मी बसनं जातो.”

नितीन रडकुंडीला आला. “बाबा, कावून पन? हात तर स्टेअरिंगवरच होते ना माहे!”

“हात मले दिसून राहिले होते,” मनोहर म्हणाला. “तू कुठं होतास?”

“आप भी ना बाबा... मंग बाजूच्या माणसाशी बोललेलं चालते?”

“बाजूच्याले समोरचा ट्रक दिसते. तो आपोआप चूप होते. तुह्या डीलरले काय दिसते?”

पण नितीनचंही खोटं नव्हतं. फोन उचलला नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, दर वेळी गाडी बाजूला घेत बसलो तर राजनांदगावला पोहोचू कधी, असं तो मला नंतर सांगत होता. मी दोघांचंही ऐकून घेतलं. मधल्या माणसाचं तेवढंच काम असतं. मनोहर पुन्हा त्या गाडीत बसला नाही, आणि घरात त्यानं ताकीद देऊन ठेवली की नितीन रस्त्यावर असेल तेव्हा त्याला कोणी फोन करायचा नाही. आग लागली तरी नाही.

तो दिवस साधाच होता. नितीननं रायपूरहून निघताना घरी फोन केला, आई, निघतो, भाजी ठेव. मनोहर जेवून आडवा झाला आणि थोड्या वेळानं छाती धरून उठला. वहिनींनी मला हाक मारली. ऑटोतून दवाखान्यात नेलं. तो शुद्धीवर होता, घामानं भिजलेला होता. त्याला आत नेत असताना वहिनी म्हणाल्या, “नितीनले फोन लावते मी.” त्यानं त्यांचा हात धरला. “तो गाडी चालवून राहिला असन. पोहोचू दे त्याले.” एवढंच. मोठं काही वाक्य बोलून माणूस जातो असं आपल्याला वाटतं... हा असा बोलून गेला. वहिनी समोरच्या पीसीओत गेल्या, नंबर फिरवायला घेतला आणि रिसीव्हर परत ठेवून दिला. मी काचेबाहेर उभा होतो. मी लावू का, असं मी विचारलंही. त्या नाही म्हणाल्या.

नितीन त्याच दवाखान्यासमोरच्या रस्त्यानं घरी गेला. दाराला कुलूप पाहून, शेजाऱ्यांकडून ऐकून, तसाच उलटा फिरला. तोवर सगळं संपलं होतं. पोरगं वहिनींपुढं उभं राहिलं आणि म्हणालं, “एक फोन, आई. एक फोन नाही लावता आला?” वहिनींनी मनोहरचं नाव घेतलं नाही. मीच त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “ते म्हणाले, अन् तुमी ऐकलं?”

फोन लावायला हवा होता का? मला माहीत नाही. लावला असता तर कदाचित नितीनला बाप जिवंत भेटला असता. कदाचित ती बातमी कानात घेऊन, ट्रकांच्या त्या रस्त्यावर डोळे भरून गाडी हाकताना... मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो. आता मला मनोहरचा रागही येतो. इतकं बरोबर असायची काय गरज होती त्याला?

परवा नागपूरहून मनोहरची बहीण येणार होती. तिला आणायला नितीन दुर्गच्या स्टेशनवर निघाला, सोबत मी.  वाटेत तो आपणहूनच बोलला.

“काका, गाडीत हावो म्हटलं की आई फोन ठेवून देते. लगेच. काय काम होतं तेही सांगत नाही. मंग पोहोचेपर्यंत मले चैन नाही पडत. वाटते, घरी काई झालं तर नाही?”

“मंग काय करतोस?”

“खोटं सांगतो,” तो म्हणाला.

 थोडं पुढं गेलो आणि फोन वाजला. त्यानं बटण दाबलं. वहिनींचा आवाज गाडीभर झाला.

“गाडीत हायेस का रे?”

“नाही आई. पोहोचलो. स्टेशनवरच उभा हावो.”

तेवढ्यात मागून एक ट्रक भोंगा वाजवत आमच्या अगदी अंगावरून पुढं गेला. नितीननं स्टेअरिंग घट्ट धरलं. स्पीकर गप्प झाला. मला वाटलं, वहिनींनी फोन ठेवला. पण त्यांनी ठेवला नव्हता.

“आत्याची गाडी लेट हाये, मी फोन लावून विचारलं स्टेशनवर,” त्या म्हणाल्या. “पोहोचाची घाई नाही. हळू चालव.”