हिवाळ्यातली उन्हाळी

पुलगावात राहून ज्याला कधी उन्हाळी लागली नाही असा माणूस दाखवा, त्याची मिरवणूक काढू. मे महिन्यात पारा चढला की लघवीला जळजळ व्हायची, घरातल्या बाईनं धने-जिऱ्याचं पाणी पुढं करायचं, दोन दिवसांत माणूस टुणटुणीत. त्यासाठी दवाखान्यात जाणाऱ्याला लोक हसतात. आणि चंद्रभान तर पुलगावला लागून असलेल्या नाचणगावचा, कापसाच्या जिनिंगमधला पक्का फिटर, बोटावर पाना पडला तरी फुंकर मारून पुढं कामाला लागणारा. लघवीतून पहिल्यांदा लाल गेलं तेव्हा तो बायकोला एवढंच म्हणाला, "कमल, उन्हाळी लागली वाटते. धने भिजव."

कमलाबाईनं भिजवले. एक वर्ष भिजवले, दोन वर्षं, चार वर्षं. आता ती स्वतःवरच चिडते. "दिवाळीत कोणाले उन्हाळी लागते का जी? माही अक्कल कुठी गेलती?" पण तिची एकटीची काय चूक! तो शब्दच असा घरातला, ओळखीचा, की एकदा तोंडात बसला म्हणजे पुढं कोणी विचारच करत नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मूत्राशयात कॅन्सरची गाठ झाली होती. मूत्राशयच काढावं लागलं. पोटाला छिद्र ठेवलं आणि त्यावर लघवीची पिशवी लावली. टाके वाळल्यावर तो तपासणीला गेला, तेव्हा डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी एक भलताच प्रश्न केला.

"काका, तुम्ही परदेशात होता का कधी? तिथं तळ्यात वगैरे आंघोळ करायचात?"

एक तळं चंद्रभानला रोज आठवायचं.

इथलं जिनिंग बंद पडल्यावर तो टांझानियात गेलता. तिकडंही कापसाचाच मुलूख, शिन्यांगाच्या बाजूचा. सोबत होता आष्टीचा श्रावण, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, बोलका आणि पाण्याला जाम भिणारा. सहा वर्षं दोघं एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. ऊन थेट वर्ध्यासारखं, कापसाची धूळ तीच, फक्त नदी नव्हती. पुलगावच्या घाटावर वर्धा नदीत पोहत मोठा झालेला चंद्रभान नदीसाठी कासावीस व्हायचा. मग जिनिंगमागं एक तळं सापडलं. कमळाची पानं, काठाला लव्हाळं, बारीक बारीक गोगलगायी. पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्यावर त्याला रडूच आलं, इतकं ते घरचं वाटलं.

श्रावणला त्यानंच ओढून आत नेलं. उताणं तरंगायला शिकवलं. "अंग ढिलं सोड बे! पाठीखाली हात हाये माह्या, सोडत नाई तुले." महिन्याभरात श्रावण ओंडक्यासारखा तरंगायला लागला. मग रोज संध्याकाळी दोघंही पाण्यात.

काठावरून जाणाऱ्या बाया हातवारे करून ओरडायच्या, "किचोचो! किचोचो!" दोघांना वाटलं, चिडवून राह्यल्या. शब्दाची त्यांना एवढी गंमत वाटली की एकमेकांना हाकच तशी मारायला लागले. "काय बे किचोचो, जेवला का?" सहा वर्षं!

"ते रोगाचं नाव आहे, काका," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तिकडं त्या कृमीच्या रोगाला किचोचो म्हणतात. त्या बाया तुम्हाला सावध करत होत्या."

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तळ्यातल्या गोगलगायींमधून कृमीची पिल्लं पाण्यात सुटतात, माणसाच्या कातडीतून आत शिरतात, मूत्राशयाजवळच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि अंडी घालतात. त्या अंड्यांना काटा असतो. काही लघवीतून बाहेर पडतात, बाकीची मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात, तिथं जखम होते, भरते, पुन्हा होते. काढलेल्या भागात तीच अंडी सापडली होती.

"सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही," त्या म्हणाल्या. "पण भिंत सारखी दुरुस्त करता करता एखाद्या वेळी शरीराचं काम बिघडतं."

फिटर माणसाला हे पटकन कळलं. एकाच जागी दहादा वेल्डिंग केलेला पत्रा पुढं तिथंच कसा फाटतो, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं.

"म्हंजे मी आपल्या नदीतही सोडले का ते जंत?"

"नाही. त्यांना ती ठरावीक गोगलगाय लागते. ती आपल्या नदीत नाही. आणि वेळेत कळलं तर यावर गोळ्या आहेत. एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं! चंद्रभान हळूच म्हणाला, "माह्या संगं एक जण होता जी. मीच नेलं त्याले पाण्यात."

"मग त्यांना आणा. लवकर आणा."

आणा म्हणणं सोपं होतं. चंद्रभान मुलीच्या, नंदिनीच्या लग्नाला म्हणून परत आला होता. निघताना श्रावणला म्हणालता, "दोन महिन्यांत येतो, मंग संगंच घरी जाऊ." आणि गेलाच नाही. घर गोड लागलं, पाय निघाला नाही, खरं सांगायला तोंड झालं नाही. श्रावणनं पुढची दोन वर्षं त्या खोलीत एकट्यानं काढली. तो आष्टीला परतला, पण पुलगावात कधी उतरला नाही. चंद्रभान परतला त्याला आता सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत चंद्रभानला सख्ख्या भावाची आली नसेल इतकी त्याची आठवण आली. कुठंही कापसाची धूळ उडाली की वाटायचं, आता मागून हाक येईल. आता फोन केला तर श्रावण आवाज ओळखून कट करायचा.

शेवटी पौषाच्या थंडीत, पिशवी शर्टाखाली सांभाळत, तीन जागी एसटी बदलून चंद्रभान आष्टीला गेला. श्रावण अंगणात बाजेवर उन्हात बसला होता, अंगावर शाल. याला पाहून त्यानं तोंड फिरवलं. त्याची बायको देवकाबाई तेवढी "या जी" म्हणाली. बाजेखाली पाण्यानं भरलेला एक गडवा होता. त्यात धने तरंगत होते.

"हे कायले, वहिनी?"

"उन्हाळी लागते यायले. दोन वर्षं झाले, जातच नाई."

चंद्रभान लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"आता काऊन रडून राह्यला?" श्रावण खेकसला. "तवा तर आला नाई."

चंद्रभाननं शर्ट वर केला. श्रावणनं पिशवी पाहिली. देवकाबाईनं तोंडावर पदर धरला.

"किचोचो," चंद्रभान म्हणाला. "त्या बाया खरं सांगत होत्या बे. तू शिव्या दे, मार मले, पण उद्या वर्ध्याले चाल. मी एकदा तुले सोडलं. आता सोडून जात नाई."

देवकाबाईनं आणलेला चहा श्रावणनं त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "च्या पे पहिले. थंडा होऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. अंडी सापडली. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं, जखमा होत्या, पण गाठ नव्हती. श्रावणला गोळ्या दिल्या आणि वरचेवर दाखवायला यायला सांगितलं. बाहेर येऊन तो हसत सुटला, "दोन वर्षं धने पेलो बे मी! गोळ्यायनं काम होत होतं!" चंद्रभानही हसला. खूप दिवसांनी पोटभर हसला.

मार्चमध्ये चंद्रभानचं स्कॅन झालं. रोग पुन्हा दिसत होता, यावेळी फुप्फुसापर्यंत. ज्योत्स्नाबाईंनी काही लपवलं नाही. घरी येताना कमलाबाई त्याचा हात धरून रडत होती. तो म्हणाला, "मले नदीत जायचं हाये."

पिशवी लागल्यापासून तो घाटावर फिरकला नव्हता. पाण्यात जायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण लाज वाटायची. चारचौघांत शर्ट कसा काढायचा?

श्रावण आष्टीहून आला. दोघं सकाळी घाटावर गेले. नदी आटायला लागली होती, कमरेएवढंच पाणी. पलीकडं बाया कपडे धूत होत्या. श्रावणनं आधी आपला शर्ट काढला, मग याच्या शर्टाची बटणं सोडली आणि कोणी पाहतंय का याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

पाणी गार होतं. ज्या नदीसाठी चंद्रभान परक्या तळ्यात उतरला होता, ती नदी ही. इतकी वर्षं आपल्या दारातच होती, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

"उताणा हो," श्रावण म्हणाला.

"नाई जमत आता."

"अंग ढिलं सोड बे, किचोचो. पाठीखाली हात हाये माह्या."

चंद्रभाननं डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं.